बालतंत्रिका-मानसशास्त्र : महाराष्ट्रातील इतिहास

बालकाच्या मेंदूची वाढ, त्या वाढीत येणारे अडथळे आणि त्या अडथळ्यांचे हालचाल, भाषा, अवधान, स्मृती व अध्ययन यांवर होणारे परिणाम यांचा रुग्णोपचाराच्या दृष्टीने अभ्यास करणारी चिकित्सा मानसशास्त्राची एक शाखा. मेंदूची रचना व कार्य सांगणारे तंत्रिकाविज्ञान, आजारी बालकाला प्रथम पाहणारे बालरोगविज्ञान आणि बुद्धी व क्षमता यांचे मोजमाप करणारे मानसमापन अशा तीन प्रवाहांतून ही शाखा तयार झाली. महाराष्ट्रात हे तीनही प्रवाह वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या काळी आले. त्यामुळे येथील इतिहास एका संस्थेचा वा एका व्यक्तीचा नाही. मात्र या सर्व इतिहासात एक प्रश्न सातत्याने आढळतो : एका समाजातील मुलांसाठी तयार केलेले माप दुसऱ्या समाजातील मुलाला लावले, तर जे मोजले जाते ते त्याच्या मेंदूचे कार्य असते की त्याची भाषा, शाळा व परिस्थिती?

मेंदूची वाढ : गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांच्या आत तंत्रिका-नलिका मिटते व तिच्यापासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू तयार होतात. प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील बहुसंख्य तंत्रिका-कोशिका गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत निर्माण होऊन आपापल्या जागी पोहोचू लागतात. जन्माच्या वेळी मेंदूचे वजन सु. ३५० ते ४०० ग्रॅ. म्हणजे प्रौढाच्या मेंदूच्या सु. एक-चतुर्थांश असते, दोन वर्षांच्या अखेरीस ते प्रौढाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास जाते. या काळात कोशिकांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील जोडण्यांची वाढ अधिक होते. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार ललाट-बाह्यकातील या जोडण्यांची घनता पहिल्या एक-दोन वर्षांत प्रौढाच्या सु. दीडपट होते व नंतर पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू कमी होत जाते. वापरात राहिलेल्या जोडण्या टिकतात आणि न वापरलेल्या गळून पडतात. तंत्रिका-तंतूंवर मेदयुक्त आवरण चढण्याची क्रिया जन्मापूर्वी सुरू होऊन विशीनंतरही चालू राहते. [⟶ मेंदू].

या क्रमामुळे बालकाच्या मेंदूला झालेली इजा प्रौढाच्या इजेहून वेगळी ठरते. मार्गारेट केनर्ड यांनी १९३०–४० च्या दशकांत माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून लहान वयातील इजा अधिक चांगली भरून निघते असा समज दृढ झाला. याउलट, डोनल्ड हेब यांनी लहानपणीची इजा पुढील शिकण्याचा पायाच कमकुवत करू शकते, याकडे लक्ष वेधले. दोन्ही मतांत तथ्य आहे. भाषेचे केंद्र लहानपणी दुखावले, तर मेंदूचा दुसरा भाग ते काम पुष्कळ अंशी स्वीकारतो. परंतु अवधान, नियोजन यांसारख्या उशिरा परिपक्व होणाऱ्या क्षमतांतील उणीव मूल शाळेत जाईपर्यंत दिसतही नाही. म्हणून बालकाची एकच तपासणी पुरेशी नसते; त्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो.

शाखेचा उगम : फ्रान्समधील आव्हेराँच्या रानात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला शिकविण्याचा झां इतार (१७७४–१८३८) यांचा प्रयत्न हा या शाखेचा पूर्वेतिहास मानतात. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचेचा संबंध मेंदूच्या विशिष्ट भागाशी जोडला. त्याच सुमारास लंडन येथे विल्यम लिट्ल यांनी अवघड प्रसूती व मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला. त्यातून सेरेब्रल पाल्सी या नावाने परिचित असलेल्या मेंदूच्या पक्षाघाताची ओळख पटली. १८९६ मध्ये मॉर्गन यांनी हुशार असूनही वाचता न येणाऱ्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. आल्फ्रेड बीने व सीमाँ यांची पहिली बुद्धिमापनश्रेणी १९०५ मध्ये पॅरिस येथे तयार झाली. शाळेत विशेष मदतीची गरज असणारी मुले शोधणे, हा तिचा मूळ हेतू होता. मुलांवर कायमचा शिक्का मारणे हा नव्हता.

रशियात ल्येफ व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) व अलेक्सांद्र लूरिया (१९०२–७७) यांनी मेंदूचे कार्य व समाजातील शिक्षण यांचा एकत्र विचार केला. १९३१–३२ मध्ये लूरिया यांनी उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांच्या विचारपद्धतीचा अभ्यास केला. वस्तूंचे वर्गीकरण करताना हे शेतकरी त्या प्रत्यक्ष कामात कशा एकत्र येतात हे पाहत, तर थोडेसे शिक्षण झालेले लोक अमूर्त गट पाडत. चाचणीतील ‘चूक’ ही पुष्कळदा मेंदूतील उणीव नसून जगण्यातील वेगळा अनुभव असतो, हा या अभ्यासाचा निष्कर्ष ग्रामीण बालकांच्या तपासणीत आजही महत्त्वाचा आहे.

मराठी मुलांसाठी मापे : भारतात बीने श्रेणीचे पहिले मोठे रूपांतर लाहोर येथे सी. हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्थानी भाषेत केले (१९२९). मराठीच्या दृष्टीने निर्णायक काम धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांचे होय. तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या धारवाडात त्यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी स्टॅनफर्ड-बीने श्रेणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा निबंध १९३४ मध्ये व मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बीने-कामत चाचणी या नावाने ही श्रेणी पुढे अनेक दशके रुग्णालयांत, बालमार्गदर्शन केंद्रांत व विशेष शाळांत वापरली गेली. तथापि श्रेणीची प्रमाणके त्या काळातील मुलांवरून ठरलेली असल्यामुळे पुढील पिढ्यांना ती जशीच्या तशी लावणे सदोष ठरते, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

नागपूर येथे ए. जे. मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या बालकांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये सिद्ध केले. ते मराठीतही उपलब्ध झाले. शाब्दिक व कृतिरूप असे त्याचे दोन भाग असल्याने मुलाची भाषेतील उणीव व हातांनी प्रश्न सोडविण्याची क्षमता निरनिराळी पाहता येऊ लागली. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे रूपांतरही मॅलिन यांनीच केले. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, घरातील लहानसहान कामे करते का, असे पालकांना विचारावयाचे तिचे स्वरूप असल्याने शाळेत न गेलेल्या मुलांसाठी ती उपयुक्त ठरली.

त्याहून लहान वयासाठीचे काम बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले. बेली यांच्या श्रेणीवर आधारलेली व भारतीय अर्भकांच्या प्रत्यक्ष निरीक्षणांतून प्रमाणित केलेली त्यांची विकासमापनश्रेणी १९७० मध्ये तयार झाली व १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. मान धरणे, पालथे पडणे, आवाजाकडे वळणे, लपविलेली वस्तू शोधणे अशा साध्या कृतींवरून जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या बालकाचा कारक व मानसिक विकास ती मोजते.

संस्थांची उभारणी : मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयाची स्थापना १९२९ मधील आहे. १९३७ मध्ये आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पूर्वसंस्थेने मुंबईत भारतातील पहिले बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. बौद्धिक दृष्ट्या अक्षम मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा (१९४४) व पुण्यात कामायनी (१९६४) या संस्था निघाल्या. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुले बुद्धीनेही अक्षम असतात, हा समज तेव्हा सार्वत्रिक होता. मिठू अलूर यांनी मुंबईत १९७२ मध्ये स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने अशा मुलांना शिक्षण देऊन तो मोडून काढण्यास मोठा हातभार लावला. अवयवांवर ताबा नसलेल्या मुलाची बुद्धी मोजताना उत्तर कसे घ्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

प्रशिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राचे लक्ष बंगळुरूकडे राहिले. तेथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली व १९७४ मध्ये तिचे निम्हान्समध्ये रूपांतर झाले. तंत्रिका-मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा भारतात प्रामुख्याने तेथेच रुजली. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी अवधान, स्मृती, भाषा, दृश्य-अवकाशीय क्षमता इत्यादींच्या चाचण्यांचा संच निम्हान्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. एका बुद्धिगुणांकाऐवजी क्षमतांचा आलेख मांडणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. समान बुद्धिगुणांक असलेल्या दोन मुलांपैकी एकाची अडचण अवधानाची व दुसऱ्याची भाषेची असू शकते, आणि दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते.

पुण्यातील दीर्घकालीन अभ्यास : पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाने या विषयात केलेले काम महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी अशा १८० मुलांची तुलना पूर्ण दिवसांच्या व योग्य वजनाच्या ९० मुलांशी करण्यात आली. कमी वजनाच्या गटाचा सरासरी बुद्धिगुणांक ८९·५, तर तुलनेच्या गटाचा ९७·२ आढळला. अपुऱ्या दिवसांची व शिवाय गर्भावस्थेतच खुरटलेली मुले सर्वांत मागे होती. या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की यांतील बहुतेक मुले वरवर निरोगी दिसत होती. आकृती पाहून तशी काढणे, वाचन व गणित यांतील त्यांच्या अडचणी शाळेतच उघड झाल्या. नवजात अतिदक्षता कक्षातून मूल जिवंत घरी गेले म्हणजे काम संपत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

याच रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांच्या मुलांची नवव्या वर्षी तपासणी करण्यात आली. गरोदरपणी ब१२ जीवनसत्त्वाची पातळी फार कमी असलेल्या मातांची मुले सलग अवधान व अल्पकालीन स्मृती यांच्या चाचण्यांत मागे पडल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. या जीवनसत्त्वाचे स्रोत प्राणिज पदार्थ असल्यामुळे शाकाहारी वा दूधदुभते परवडत नसलेल्या कुटुंबांत त्याची उणीव सहज होते. त्यापूर्वी १९६८ मध्ये हैदराबाद येथील चंपकम, श्रीकंटिया व गोपालन यांनी क्वाशिओरकर या तीव्र कुपोषणातून वाचलेल्या मुलांची बौद्धिक कामगिरी पुढेही कमी राहते असे दाखविले होते. पुण्यातील अभ्यासाने हा विचार जन्मापूर्वीच्या काळापर्यंत नेला.

कारणे व प्रतिबंध : बालकाच्या मेंदूला इजा करणारी अनेक कारणे टाळता येण्याजोगी असतात. जन्मतःच श्वास न घेणे, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग, मेंदूज्वर व दीर्घकाळ न थांबणारे झटके ही त्यांतील प्रमुख होत. [⟶ अपस्मार]. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिच्यामुळे नवजात मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरजवळील चांदीपुरा येथील रुग्णांत १९६५ मध्ये आढळलेला विषाणू २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रातील बालकांत मेंदूज्वराची साथ घेऊन आला. अवटू ग्रंथीचा जन्मजात मंदपणा टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून ओळखता येतो व पहिल्या काही आठवड्यांतच गोळी सुरू केल्यास मेंदूची वाढ बहुतांशी नीट होते. उशीर झाल्यास झालेले नुकसान भरून येत नाही.

विकासविकारांचे प्रमाण किती, याचे विश्वसनीय उत्तर बराच काळ उपलब्ध नव्हते. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टी व श्रवण यांतील दोष, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता इत्यादींपैकी किमान एक विकार सु. १२ टक्के मुलांत आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असणे स्वाभाविक आहे.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील हे दोन तालुके या प्रश्नाचे ग्रामीण स्वरूप स्पष्ट करतात. दक्षिणेस नीरा व इंदापूरच्या पूर्वोत्तर सीमेवर भीमा या नद्या असून नीरा-नरसिंहपूर येथे त्यांचा संगम होतो. पर्जन्यछायेतील हा प्रदेश पूर्वी वारंवार दुष्काळात सापडे. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे त्याचा काही भाग बागायती झाला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर येथील साखर कारखान्यांनी अर्थव्यवस्था बदलली. परंतु कालव्यापासून दूरचा जिरायती पट्टा कोरडाच राहिला. एकाच तालुक्यातील दोन गावांतील बालकांचे पोषण, शाळा व दवाखान्याची सोय यांत त्यामुळे मोठा फरक पडतो.

मोजणीच्या इतिहासात इंदापूरला एक वेगळे स्थान आहे. पेशवाईच्या अस्तानंतर आर. के. प्रिंगल यांनी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर सारा ठरविला. मोजणी व प्रतवारी सदोष असल्यामुळे आकारणी रयतेला झेपली नाही व इंदापूर तालुक्यात अनेकांनी जमिनी टाकून दिल्या. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी याच तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. प्रत्यक्ष जमीन पाहून प्रतवारी ठरविण्याची त्यांची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. चुकीच्या मापाचा भार मोजणाऱ्यावर नव्हे, तर ज्याचे मोजमाप होते त्याच्यावर पडतो, हा त्या प्रकरणाचा धडा बालकांच्या मापनासही लागू पडतो. शहरी मुलांवरून ठरविलेल्या चाचणीत कोरड्या पट्ट्यातील वाडीवरचे मूल ‘मंद’ ठरले, तर त्या निर्णयाचे परिणाम आयुष्यभर त्यालाच भोगावे लागतात. उलट, खरोखर अपस्माराचे सूक्ष्म झटके येणाऱ्या वा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आळशी वा हट्टी समजून शिक्षा होत राहिली, तर उपचाराचा काळ निघून जातो. या दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत.

पाठपुराव्याची अडचण येथे विशेष जाणवते. बारामती पुण्यापासून सु. १०० किमी. व इंदापूर सु. १३५ किमी. आहे. उपचारासाठी पुण्याला जाणे म्हणजे पालकांचा एका दिवसाचा रोजगार बुडणे. आठवड्यातून दोन-तीन वेळा करावयाची भौतिक वा वाचोपचाराची सत्रे अशा अंतरावर टिकत नाहीत. ऊसतोडणीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षातील काही महिने फडाजवळच्या कोप्यांवर राहतात. त्यांच्या विकासाची नोंद एका गावी सुरू होते आणि दुसऱ्या गावी खंडित होते. हटनलॉकर यांनी दाखविलेला जोडण्यांचा बहर ज्या दोन-तीन वर्षांत असतो, नेमकी तीच वर्षे अशा स्थलांतरात जातात.

शासकीय उपाय : एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली व तिच्यामुळे गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. बालकाचे वजन व लसीकरण यांच्या नोंदी तेथे होऊ लागल्या. मूल केव्हा बसले, केव्हा बोलले यांची नोंद मात्र दीर्घकाळ दुय्यम राहिली. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींची उणीव आणि विकासातील विलंब हे चार गट तीत पाहिले जातात व संशयित मुलांना जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने परिसरात बालरोग व मनोविकार या विषयांच्या शिक्षणाची सोय झाली आहे.

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ इ. सवलती देण्यात महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये पुढाकार घेतला. त्यांचा लाभ प्रारंभी प्रामुख्याने मुंबईतील इंग्रजी शाळांतील मुलांना झाला, कारण निदानाच्या चाचण्या इंग्रजीत होत्या व प्रमाणपत्र देणारी रुग्णालये मोजकी होती. मराठीत वाचनाची अडचण वेगळ्या रूपाने प्रकट होते. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा मेळ बराच नियमित असल्याने मूल हळूहळू वाचायला शिकते. मात्र वेलांट्या, उकार व जोडाक्षरे यांत ते सतत अडखळते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी वाचनवैकल्याच्या चाचण्या उपलब्ध करून दिल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा मान्य अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत समावेश केला.

कामत यांच्या १९३४ च्या रूपांतरापासून आजवर या शाखेने मोठा पल्ला गाठला आहे. तरीही तालुक्याच्या पातळीवर प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ दुर्मिळ आहेत आणि ग्रामीण मराठी मुलांच्या बोलीवर व अनुभवावर आधारलेली अद्ययावत प्रमाणके अपुरी आहेत. मुलातील वेगळेपण प्रथम लक्षात येते ते आईच्या, अंगणवाडी सेविकेच्या व पहिलीच्या शिक्षकाच्या. त्यांचे निरीक्षण, गावाजवळ होणारी शास्त्रीय तपासणी व नंतरचा नियमित पाठपुरावा हे तीन दुवे जोडले गेले, तरच बारामती-इंदापूरसारख्या भागातील बालकाला या ज्ञानाचा लाभ वेळेवर मिळू शकतो.